मागे घेतलेला लेख

"सर, हे आधी वाचा. चहा नंतर घ्या," असं म्हणत खैरनारबाईंनी कम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

मी चष्मा पुसायला घेतला. ज्या पत्राची चौदा महिने वाट पाहिली ते समोर आलं, आणि मला चष्मा पुसावासा वाटला. माणूस भित्रा असला की त्याला ऐन वेळी असली कामं सुचतात.

ही गोष्ट २०१३ च्या ऑगस्टमधली. जळगावात तापी खोरे अभ्यास मंडळ नावाची आमची संस्था होती. दोन खोल्या, सहा कपाटं, एक कम्प्युटर. मंडळाचं 'तापीतट' हे संशोधन त्रैमासिक मी तेवीस वर्षं संपादित करत होतो. सकाळी कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि दुपारनंतर इथं येऊन लोकांच्या लेखांतले स्वल्पविराम वेचायचे, असा माझा जन्म चालला होता. खैरनारबाई मंडळाच्या एकट्या कर्मचारी. टपाल, आवक-जावक, वर्गणीदार आणि माझा विसरभोळेपणा, सगळं त्याच सांभाळायच्या.

पत्र एका परदेशी सूचीचं होतं. जगभरातली संशोधन नियतकालिकं तपासून त्यातली पसंतीला उतरतील तेवढीच ही सूची आत घेते, आणि मग कुणाच्या लेखाचा आधार कुणी कुठं घेतला याची कायमची नोंद ठेवते. या सूचीत जे नाही ते आमच्या विद्यापीठी जगात असून नसल्यासारखं. त्यात लिहिलं तर प्राध्यापकाला बढतीचे गुण मिळत नाहीत, म्हणून चांगले लेख येत नाहीत, म्हणून अंक मरतो. आमचा मरायलाच टेकला होता. शेवटचा उपाय म्हणून मी अर्ज केला होता.

मी पत्र वाचलं. तपासणाऱ्यांना अंक आवडला होता. खानदेशाच्या नद्या, पाट, बंधारे यांवर इतकं बारकाईनं दुसरीकडे कुठं येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. माझे कान तापले. तेवीस वर्षांत हे वाक्य मला कुणी मराठीतही म्हटलं नव्हतं.

"खालचं वाचा," बाई म्हणाल्या.

खाली एक शंका होती. आमच्या जुलै-डिसेंबर २०११ च्या अंकात झुलाल आनंदा बोरसे यांचा लेख होता: पांझरा नदीच्या फडांमधलं, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर गावानं मिळून भिजवायच्या शेतपट्ट्यांमधलं, पाणीवाटप. त्यातले नकाशे आणि तक्ते त्याच वर्षी मार्चमध्ये एका परदेशी नियतकालिकात डॉ. सुधीर रत्नपारखी यांच्या लेखात आधीच येऊन गेले होते. डॉ. रत्नपारखी आपल्याच सल्लागार मंडळावर आहेत. खुलासा करावा. मुदत तीन आठवडे.

"बोरसे नानांनी चोरलं?" मी म्हणालो.

खैरनारबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि उठून कपाटातून आवक नोंदवही काढली. कुठलं पान ते त्यांना शोधावं लागलं नाही. १७ जून २००९. झु. आ. बोरसे, निवृत्त कालवा निरीक्षक. हस्तलिखित, पानं एकेचाळीस, नकाशे दोन. त्याखाली दुसरी नोंद: ३० जून, परीक्षणासाठी डॉ. रत्नपारखी यांना रवाना. आणि पुढच्या पानावर तिसरी: फेब्रुवारी २०१०, परत आला, शेरा 'उत्तम, छापावा'.

आठ महिने लेख रत्नपारखींच्या घरी होता. परत आल्यावर दोन वर्षं आमच्या कपाटात. कारण आमचा अंकच तेवढा मागं चालत असे. जानेवारीचा अंक पुढच्या दिवाळीत छापायचा आणि वर तारीख जानेवारीचीच घालायची. फारच तुंबलं की दोन अंकांचा मिळून एक जोडअंक काढायचा आणि मागचं-पुढचं जुळवून टाकायचं. बोरसेंचा लेख ज्या जोडअंकात आला तो कागदोपत्री २०११ चा, पण छापखान्यातून बाहेर पडला २०१२ च्या उन्हाळ्यात. वर्गणीदारांना या सगळ्याची सवय होती. आलेला अंक कधीचा आहे हे कुणी विचारत नसे, आला याचाच आनंद मानत.

रत्नपारखींचा लेख मी शोधून काढला. इंग्रजी सफाईदार. नकाशा मात्र बोरसेंचाच. बोरसेंनी तो शाईनं, हातानं काढला होता आणि त्यात नदीच्या डाव्या अंगाला एक बारीक ठिपका होता. लेख द्यायला आले तेव्हा मी विचारलं होतं, हे काय? ते म्हणाले होते, "ते आमचं निंबाचं झाड सर. त्याच्या सावलीत बसून मी मापं घेतली. त्याला सोडून नकाशा काढणं बरं नाही वाटलं." रत्नपारखींच्या नकाशातही तो ठिपका होता. त्याच जागी, बिननावाचा.

म्हणजे शंका उरलीच नाही.

संध्याकाळी मी रत्नपारखींना फोन लावला. विद्यापीठात विभागप्रमुख, परदेशवाऱ्या, आमच्या सल्लागार मंडळातलं एकमेव वजनदार नाव. अर्जात ते नाव मी सगळ्यात वर टाकलं होतं.

"अहो फालक, तुम्ही घाबरताय कशाला?" ते हसत म्हणाले. "माझा लेख आधी छापला. जग तारखा बघतं."

"लेख तुमच्याकडे परीक्षणाला होता, सर."

पलीकडचं हसू थांबलं. मग आवाज अगदी मायेचा झाला.

"हे बघा. तुम्ही नोंदवही दाखवणार. ठीक. म्हणजे काय दाखवणार? लेख तीन वर्षं पडून होता हे. अर्जात काय लिहिलंयत? सहा महिन्यांत छापतो म्हणून. अंकांच्या तारखा खोट्या, परीक्षक सल्लागार मंडळावरचा, त्याच्यावर आरोप. एवढं वाचून ते तुम्हाला आत घेतील? एकदा नाकारलं की पुन्हा तीन वर्षं अर्ज नाही. तेवढं तुमचं मंडळ जगतंय का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि बोरसे साहेब निवृत्त गृहस्थ. त्यांना ना बढती, ना गुण. त्यांचं काय जाणार आहे? लेख मागे घेतला म्हणून दोन ओळी टाका. त्यांच्यापर्यंत पोचणारसुद्धा नाही ते."

हे शेवटचं वाक्य मला पटलं. ते वाईट आहे हे मला तेव्हाही कळत होतं, पण पटलं. सोयीचं असलं की वाईट वाक्यसुद्धा किती लवकर आपलंसं होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

सतरा दिवस मी काहीच केलं नाही. कॉलेजात जायचो, यायचो. अठराव्या दिवशी पत्र लिहिलं: सदर लेखातील नकाशे व तक्ते पूर्वप्रकाशित असल्याचं आढळलं आहे, सबब संपादक मंडळ तो लेख मागे घेत आहे. मंडळाच्या वेबसाइटवर बोरसेंच्या लेखाच्या प्रत्येक पानावर आडवी लाल पट्टी आली: मागे घेतलेला लेख. खाली सूचना, सूचनेखाली तारीख, तारखेखाली माझं नाव. डॉ. यशवंत फालक, संपादक.

"नानांना कळवायचं का?" खैरनारबाईंनी विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे नाही ना, सर?"

मी पुढचा लेख तपासायला घेतला आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नोंदवही त्यांनी कपाटात ठेवली. किल्ली रोज खुंटीला असायची, ती त्या दिवसापासून आपल्या पर्समध्ये ठेवू लागल्या.

डिसेंबरात निकाल आला. 'तापीतट' सूचीत दाखल झालं. खानदेशातलं पहिलंच. स्थानिक पेपरात माझा फोटो आला, कुलगुरूंचा फोन आला, दोन आमदारांचे हार आले. मंडळात पेढे वाटले. मी भाषण केलं आणि त्यात प्रामाणिक संशोधन हे शब्द तीनदा आले. खैरनारबाई मागं उभ्या राहून मोजत होत्या की काय कोण जाणे.

चौथ्या दिवशी दुपारी बोरसे नाना आले.

साक्री तालुक्यातलं पांझराकाठचं त्यांचं गाव. दोन एस्ट्या बदलून आले होते. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं आणि हातात दादर ज्वारीची पिशवी. वय पंचाहत्तरीच्या आसपास, पण पाटाच्या कडेनं अठ्ठावीस वर्षं चाललेला माणूस, ताठ होते.

"राम राम सर. पेपरात वाचलं. म्हटलं, फोनवर काय अभिनंदन करता? समक्ष जाऊन यावं." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "घरची दादर आहे. बाईंना पण द्या यातली."

मी त्यांना बसवलं. चहा मागवला.

"एक मागणं होतं," ते म्हणाले. "मोठं नाही."

"सांगा ना."

"त्या यादीत माझं नाव कसं दिसून राहिलं, ते एकदा पाहायचंय. मला काय त्या कम्प्युटरातलं समजत नाही. पण आपला लेख जगात गेला म्हणता, तर एकदा डोळ्यानं पाहून घेतो. मग मरायला मोकळा."

ते हसले. मीही हसलो. हसताना आपलं तोंड कसं दिसत असेल याची जाणीव माणसाला एरवी होत नाही, मला झाली.

"त्या फडांत मी पाणी सोडणाऱ्या बारा पाटकऱ्यांना विचारलं होतं," ते सांगत राहिले. "पाण्याची पाळी कुणाची, कुणाच्या घरी माती झाली तर त्याची पाळी कोण सांभाळणार, बंधारा फुटला तर पहिला दगड कुणी आणायचा. कुठं लिहिलेलं नव्हतं, सगळं तोंडी. त्या बारातले नऊ गेले, सर. दोघांना आता माणूस ओळखू येत नाही. म्हणून विचारतो, यादीत गेलं म्हणजे ते कुठं जात नाही ना आता?"

"नाही," मी म्हणालो. "कायमचं राहतं."

एवढं एक खरं बोललो त्या दिवशी.

"थांबा हं, तुम्हाला छापूनच देतो," म्हणून मी आतल्या खोलीत गेलो. कम्प्युटर चालू होता. वेबसाइट उघडली तर लाल पट्टी. छापखान्याकडून आलेली मूळ फाइल मात्र तशीच होती, स्वच्छ. मी तिचं पहिलं पान घेतलं, वर त्या सूचीचं नाव टाकलं, खाली 'समाविष्ट' असं लिहिलं आणि छापून काढलं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागली असतील. खैरनारबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते सगळं पाहिलं.

"सर, हे तरी नको होतं करायला," त्या हळूच म्हणाल्या.

मी त्यांच्या बाजूनं अंग चोरून बाहेर आलो.

नानांनी आधी उपरण्यानं दोन्ही हात पुसले, मग कागद घेतला. बराच वेळ पाहत होते. बोटानं नाव वाचलं.

"झुलाल आनंदा बोरसे. बरोबर आहे. आनंदा म्हणजे माझा बाप. सही येत नव्हती त्याला. तो पण गेला म्हणायचा जगात." त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायची त्यांना लाज वाटत नव्हती. जाताना त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस. मी मागं सरलो तोवर लावून झाला होता.

कागद दुमडू नये म्हणून खैरनारबाईंनी त्यांना पुठ्ठ्याचं पाकीट दिलं. ते गेल्यावर त्यांनी दादरची पिशवी उचलली आणि माझ्या टेबलावर, माझ्या समोर आणून ठेवली. त्यातली मूठभरसुद्धा त्यांनी नेली नाही.

त्यानंतर अंक फार जोरात चालला. लेखांचा पाऊस पडला. अंक वेळेवर निघू लागला, जोडअंक बंद झाले. मला दोन पुरस्कार मिळाले. रत्नपारखी एका समारंभात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा, कुणाचं काय गेलं?"

पट्टी काढायला दहा मिनिटं लागली असती. रोज मनात यायचं. पण पट्टी काढायची तर सूचीला कारण लिहावं लागणार, कारण लिहायचं तर नोंदवही आली, आणि नोंदवही आली की मी आलो. म्हणून पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणत दीड वर्ष गेलं.

आणि मग ते सुरू झालं.

आमच्या वेबसाइटवर कुठलं पान कितीदा उघडलं गेलं हे दिसायचं. २०१५ च्या जुलैमध्ये मला दिसलं की बोरसेंचं पान एकदा उघडलं गेलंय. एक तारखेला. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा. एक तारखेला. सप्टेंबरात पुन्हा. गाव धुळे. एरवी तो लेख कुणी उघडत नव्हतं, लाल पट्टीचा लेख कोण वाचणार? पण महिन्याच्या एक तारखेला कुणीतरी यायचं, पान उघडायचं, मिनिटभर थांबायचं आणि जायचं.

मी आधी म्हटलं वकील असेल. मग म्हटलं विद्यापीठातला रत्नपारखींचा कुणी वैरी असेल, पुरावे गोळा करत असेल. पण पत्र येईना, नोटीस येईना, फोन येईना. नुसती भेट. कुणी दार ठोठावलं तर उघडून बोलता येतं. हे दाराबाहेर येऊन उभं राहायचं आणि निघून जायचं. एक तारीख जवळ आली की माझं जेवणावरचं लक्ष उडायचं. बायको म्हणायची, पगाराच्या दिवशी लोक खूश असतात, तुम्हालाच काय होतं? मी ते पान पाहिल्याशिवाय घरातून निघत नसे, आणि पाहिलं की दिवसभर कुणाच्या नजरेला नजर देववत नसे. तीन वर्षं आणि सात महिने, एकही एक तारीख चुकली नाही.

२०१८ च्या मे महिन्यात मी कॉलेजातून निवृत्त झालो. संपादकपद तेवढं सोडलं नाही. दुसरा कुणी आला असता तर त्यानं कपाटं उघडली असती.

२०१९ च्या फेब्रुवारीत एक तारखेला पान उघडलं गेलं नाही. दोनला नाही, तीनला नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. उलट मी तासातासाला तो आकडा पाहू लागलो. पाच तारखेला खैरनारबाईंनी पेपर माझ्यासमोर धरला. निधनवार्ता. झुलाल आनंदा बोरसे, वय ऐंशी, निवृत्त कालवा निरीक्षक. तारीख तीस जानेवारी.

"दारावर जाऊन या सर," बाई म्हणाल्या. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. "आता तरी."

पुढं मी काय केलं ते इथंच सांगून टाकतो, कारण त्यात मोठेपणा काही नाही. परत आल्यावर मी सूचीला सगळं लिहिलं, नोंदवहीतल्या तिन्ही नोंदींच्या छायाप्रती जोडल्या. लाल पट्टी निघाली. चौकशी झाली, अंक सूचीतून गेला आणि दोन वर्षांत बंद पडला. रत्नपारखी तोवर निवृत्त झाले होते, त्यांनी फोन उचलणं बंद केलं, एवढंच. पण हे सगळं त्या दिवसानंतर, आणि बोरसे नानांना त्याचा काही उपयोग नव्हता.

तर मी गेलो. नदीपासून दोनशे पावलांवर घर. अंगणात सतरंजी घातली होती, पण दुपारची वेळ म्हणून बसायला आलेलं कुणी नव्हतं. एक पोरगी बाहेर आली. वीस-एकवीसची, अंगात साधा पंजाबी ड्रेस, डोळे रडून सुजलेले.

"मी मोनाली. त्यांची नात," ती म्हणाली. मी नाव सांगितलं तशी ती जरा थांबली. "फालक सर? तापीतटचे?"

"हो."

"आत या ना. आत बसा."

आतल्या खोलीत एक खाट होती, कोपऱ्यात मापं घ्यायची साखळी आणि समोरच्या भिंतीवर काचेची एक फ्रेम. फ्रेममध्ये शेजारी शेजारी दोन पानं होती. डावीकडे मी दिलेलं, स्वच्छ, वर सूचीचं नाव. उजवीकडे तेच पान, त्यावर आडवी लाल पट्टी.

मी उभाच राहिलो.

"मी धुळ्याला अकरावीला गेले तेव्हा कॉलेजच्या कम्प्युटरवर शोधलं," मोनाली सांगू लागली. तिचा आवाज शांत होता. "आजोबांना सरप्राइज द्यायचं होतं मला. तर हे निघालं. मी छापून आणलं आणि रडतच घरी आले. आजोबा म्हणाले, रडतेस काय? सरांनी मला स्वतःच्या हातानं चांगला कागद दिलाय. नंतर कम्प्युटरात कुणाच्या तरी हातून गडबड झाली असेल. त्यांच्या लक्षात येईल तेव्हा काढतील."

"मला पत्र का नाही टाकलं?" मी विचारलं.

"मी म्हटलं होतं. ते म्हणाले, मोठा माणूस आहे, आपण चूक दाखवली तर लाजेल. आपोआप लक्षात येऊ दे." तिनं ओढणी सारखी केली. "म्हणून मग मी दर महिन्याला बघायचे. एक तारखेला. सुट्टी असली तर सायबर कॅफेत जाऊन. आणि आजोबांना फोन करून सांगायचे, अजून आहे. ते म्हणायचे, असू दे. कामात असतील."

मी खाटेच्या कडेवर बसलो.

"नोटिशीखाली तारीख होती, सर. मी ती पण दाखवली त्यांना. तुम्ही कागद दिला त्याच्या आधीची तारीख होती ती. म्हणजे पट्टी आधीच होती." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तर आजोबा हसले. म्हणाले, तारखेचं काय घेऊन बसलीस? त्यांच्या अंकावरच्या तारखा कधी खऱ्या होत्या का?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता. तिची आई आत असावी. मोनाली भिंतीपाशी गेली, तिनं फ्रेम खिळ्यावरून काढली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली.

"आम्हा दोघांची पैज होती," ती म्हणाली. "त्यांनीच या दोन पानांची फ्रेम करून घेतली होती. म्हणायचे, सर कधीतरी येतील. आले की एवढंच विचार, बाकी काही बोलू नको." तिनं श्वास घेतला. "सर, यातलं खरं पान कुठलं?"

मी दोन्ही पानांकडे पाहत राहिलो. लाल पट्टीचं पान खरंखुरं वेबसाइटवर होतं, त्याखाली माझं नाव होतं. दुसरं मी सात मिनिटांत बनवलेलं. उजवीकडे बोट ठेवलं असतं तर जगाच्या दृष्टीनं ते बरोबर ठरलं असतं. पण त्या घरात, त्या खाटेवर बसून, बोरसे नानांना चोर म्हणायची माझी छाती झाली नाही. आयुष्यात एकदा तरी त्या माणसाच्या बाजूनं उभं राहावं असं मला फार, फार वाटलं. मी डाव्या पानावर बोट ठेवलं.

"हे," मी म्हणालो. "हे खरं. लेख त्यांचाच होता. मला पहिल्यापासून माहीत होतं."

मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. कदाचित रडेल. मीही रडायच्या बेतात होतो.

मोनालीनं फ्रेम माझ्या मांडीवरून उचलून घेतली.

"म्हणजे मी जिंकले," ती म्हणाली. "तुम्ही जाणूनबुजून केलं असं मी म्हणायचे. साडेतीन वर्षं भांडले मी त्यांच्याशी. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यातसुद्धा. आणि ते दर वेळी म्हणायचे, नाही गं, सर तसे नाहीत. त्यांच्या हातून चुकून झालं असेल."

फ्रेम छातीशी धरून ती आत गेली. दार लोटलं नाही. मी काय म्हणालो, हे तिच्या आईनं हळू आवाजात अहिराणीत विचारलेलं मला स्वच्छ ऐकू आलं, "काय म्हननात व त्या?"

मोनालीनं काय सांगितलं ते ऐकायला मी थांबलो नाही.